शिवारात पळायचे बूट: आधी पंजा रुंद, मग तळ पातळ

पहाटेचे साडेपाच, गाडवाट, दोन्ही अंगांना उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाट्या. नवे बूट पायात घालून तिसराच दिवस. चालता चालता पळायला लागलो आणि उजव्या चवड्यात असं काही शिरलं की लंगडी घालत बांध गाठला. बाभळीचा काटा सहा मिलिमीटरचा रबरी तळ आणि आतली गादी भेदून मोज्यापर्यंत आला होता. शेतात पाणी सोडायला निघालेले एक जिभाऊ थांबले. ‘‘काय व्हयनं रे भो?’’ मी बूट पुढे केला. त्यांनी तो हातात घेऊन चुरगळला, तळ अंगठ्याने दाबला आणि परत देत म्हणाले, ‘‘येवढा पातय बूट? मनी वहाण बरी.’’

त्यांच्या पायात टायरच्या तळाची वहाण होती. तळाला काट्यांची मोडलेली टोकं टाचण्यांसारखी बसलेली, आरपार एकही गेलेलं नाही. ती वहाण मला पुढे बरेच दिवस आठवत राहिली, कारण तिचा तळ टाचेपासून बोटांपर्यंत सपाट होता आणि तिच्यात बोटं हवी तशी पसरलेली होती. मी ज्या दोन गोष्टींसाठी एवढे पैसे मोजले, त्या तिच्यात आधीपासून होत्या. फक्त ती पातळ नव्हती.

खान्देशात मोकळ्या रानात, डोंगरवाटेवर, पाटचारीच्या कडेने पळायला सुरुवात करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. रस्त्यावर चार-पाच किलोमीटर सलग पळता येतंय आणि आता मिनिमलिस्ट ट्रेल बुटांविषयी ऐकून ते घ्यावेसे वाटताहेत, असं मी धरून चाललो आहे.

मिनिमलिस्ट म्हणजे नेमकं काय

पळण्याच्या नेहमीच्या बुटात टाचेखाली फोम जास्त आणि चवड्याखाली कमी असतो. हा उंचीतला फरक म्हणजे ड्रॉप. साध्या बुटात तो बहुतेक वेळा ८ ते १२ मिलिमीटर असतो. पाय आणि जमीन यांच्यामध्ये एकूण जेवढी जाडी, तिला स्टॅक म्हणतात. हल्लीच्या गुबगुबीत बुटांचा स्टॅक ३५-४० मिलिमीटरपर्यंत जातो. मिनिमलिस्ट बुटात ड्रॉप शून्य किंवा चार मिलिमीटरच्या आत असतो, स्टॅक कमी असतो, बूट हलका असतो आणि हातात धरून सहज पिळता येतो.

२०१५ साली ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांनी मिळून या बुटांची एक व्याख्या ठरवली. वजन, स्टॅक, ड्रॉप, लवचीकपणा आणि पाय वळू नये म्हणून घातलेले कडक आधार, या पाच गोष्टींना गुण द्यायचे आणि बूट शंभरपैकी किती मिनिमलिस्ट ते काढायचं. या पाचांत पंज्याची रुंदी कुठेच नाही. म्हणजे कागदावर नव्वद गुणांचा बूट तुमची करंगळी चेंगरू शकतो. नवीन माणूस नेमका इथेच फसतो. तो ‘किती पातळ’ हे विचारत बसतो आणि ‘किती रुंद’ हे विचारायचं राहून जातं.

आपल्या भागासाठी मी क्रम असा लावतो: पंजा रुंद, मग तळ सपाट, मग बूट लवचीक, आणि पातळपणा सगळ्यांत शेवटी, तोही जमीन परवानगी देईल तेवढाच.

आधी हे बूट कोणी घेऊ नयेत ते सांगून टाकतो. मधुमेहामुळे तळव्याची जाणीव कमी झालेल्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये. तळात काटा मोडला तरी कळणार नाही आणि जखम चिघळेल. सध्या टाचदुखी चालू असेल किंवा टाचेमागची शीर दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला दोन महिने उरले असतील, तर १६०० मीटरच्या तयारीत हा नवा प्रयोग घुसडू नका. आहे त्याच बुटात सराव करा. भरती झाल्यावर हौस करायला जन्म पडला आहे.

पहिली पायरी: वर्तमानपत्र, पेन्सिल आणि संध्याकाळ

पाय मोजायचा तो संध्याकाळी, दिवसभराची वणवण झाल्यावर. सकाळच्या पायापेक्षा संध्याकाळचा पाय किंचित फुगलेला असतो आणि पळतानाही तो फुगतोच. उन्हाळ्यात तर जास्तच.

फरशीवर वर्तमानपत्राचं पान पसरा आणि भिंतीला टाच लावून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. खुर्चीत बसून मोजलं तर पाय आखूड आणि अरुंद भरतो, कारण भार पडला की पंजा पसरतो. स्वतःच वाकून रेघ ओढायला गेलात तरी भार सरकतो, म्हणून घरातल्या कोणाला तरी बसवा. पेन्सिल अगदी उभी धरायला सांगा. ती आतल्या बाजूला कलली की रेघ पायाखाली शिरते आणि पाच-सहा मिलिमीटर गुपचूप गायब होतात. दोन्ही पाय काढा. एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा निघणं अगदी सर्रास आहे. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा.

आता दोन मापं घ्या. लांबी भिंतीपासून सगळ्यांत पुढच्या बोटापर्यंत मोजायची. हे बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट लांब असतं. रुंदी मोजायची अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या गाठीपासून करंगळीच्या मुळाशी असलेल्या गाठीपर्यंत, म्हणजे पंजा जिथे सर्वांत रुंद तिथे. माझा पाय २६३ मिलिमीटर लांब आणि १०६ रुंद भरला. हे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ‘मला आठ नंबर लागतो’ या वाक्यापेक्षा ते कितीतरी कामाचे आहेत.

नंबराची भानगड अशी. आपल्याकडच्या दुकानात सहसा ब्रिटिश नंबर चालतो. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळपास साडेआठ मिलिमीटर. युरोपी नंबरात एक पायरी दोन तृतीयांश सेंटिमीटरची, म्हणजे ६.७ मिलिमीटरच्या आसपास. अमेरिकी पुरुषांचा नऊ म्हणजे ढोबळमानाने ब्रिटिश आठ. त्यामुळे नुसत्या ‘९’ या आकड्यावर भरवसा ठेवू नका. बुटाच्या जिभेवरच्या लेबलावर तिन्ही नंबर असतात आणि बऱ्याचदा सेंटिमीटरही दिलेले असतात. मिलिमीटर किंवा सेंटिमीटर बघा.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. निष्कर्ष असा निघाला की आपले पंजे सर्वसाधारणपणे युरोपी पायांपेक्षा रुंद असतात. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय नंबरपद्धत सुचवली गेली. ब्रिटिश-युरोपी साच्यावर शिवलेले बूट आपल्याला करंगळीपाशी का चावतात, त्याचं कारण यात आहे. लहानपणी अनवाणी किंवा स्लिपरवर वाढलेल्या खेड्यातल्या पायांचं तर विचारूच नका.

मग लोक काय करतात? रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेतात. मीही तेच केलं होतं. आठचा चावतो म्हणून नऊचा घेतला. लळिंग किल्ल्यावरून उतरताना पाय बुटात पुढे सरकत राहिला आणि अंगठा प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकावर आपटत राहिला. धुळ्यात परत येईपर्यंत नख जांभळं झालं होतं. पुढे ते काळं पडून गळालं आणि नवीन यायला कित्येक महिने गेले. लांबी वाढवून रुंदी विकत घेता येत नाही. रुंद साच्याचा बूटच शोधावा लागतो.

कागदावरची आकृती कात्रीने कापून ठेवा. तिचा उपयोग पुढे दुकानात आहे.

दुसरी पायरी: आपण पळतो ती जमीन कोणती

बुटांचे व्हिडिओ बघितले तर पळणारे देवदारांच्या जंगलात असतात आणि खाली मऊ माती असते. आपल्याकडचं प्रकरण वेगळं आहे आणि जिल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ते बदलतं.

तापी-गिरणेच्या पट्ट्यातली काळी जमीन घ्या. उन्हाळ्यात ती आकसून अशी भेगाळते की पाय अडकावा. पावसात फुगते, चिकटते आणि दहा पावलांत प्रत्येक बुटाला किलोभर लोंदा लागतो. तळाला खोल दाते, म्हणजे रबराचे उंचवटे असलेला बूट घेतला तर चिखल दात्यांत भरून बसतो, उथळ दात्यांचा घेतला तर घसरायला होतं. दाते चार-पाच मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून लांब असले तर चिखल निदान गळून तरी पडतो. पण माझं स्पष्ट मत विचाराल तर, सलग पावसानंतर दोन दिवस काळ्या रानात पळायला जाऊच नये. त्यावर उपाय ठरेल असा बूट मला अजून भेटलेला नाही. अशा दिवसांत कॅनॉलचा मुरमाड रस्ता बरा.

रब्बीनंतरचं शिवार हा आणखी वेगळा विषय. ज्वारी-बाजरीची धसकटं आणि पऱ्हाट्यांचे तिरपे तुटलेले खुंट. काटा निदान मोडतो, धसकट मोडत नाही. बांधावर बाभळी आणि बोरी, पडीक जागेत वेडी बाभूळ, पायवाटेवर सराटे. पावसाळा संपला की कुसळं. ही कुसळं बुटाच्या जाळीतून आत शिरतात, मोज्यात उभी राहतात आणि दर पावलाला टोचतात. अशा रानात रोज पळणाऱ्याने सहा मिलिमीटरचा तळ घेऊ नये. माझ्या पहिल्या जोडीची चूक हीच होती. बूट चांगला होता, फक्त आमच्या शिवाराचा नव्हता. इथे तळात रॉक प्लेट हवी. रॉक प्लेट म्हणजे तळाच्या थरांमध्ये बसवलेला पातळ, चिवट पत्रा, बहुतेक वेळा प्लास्टिकचा. त्याने बूट थोडा ताठ होतो, पण टोकदार खडा आणि काटा बऱ्यापैकी अडतो. वरची जाळी घट्ट विणीची बघा. जाळीच्या भोकातून काडेपेटीतली काडी आरपार जात असेल, तर कुसळही जाणार.

डोंगरात गेलात की दगड. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात, लळिंगला, तोरणमाळच्या वाटांवर काळा बेसाल्ट आहे. कोरडा असताना तो बुटाला छान धरतो, शेवाळं चढलं की साबण. इथे दात्यांच्या खोलीपेक्षा रबर किती मऊ आहे हे महत्त्वाचं. नखाने दाबून बघा, किंचित दबलं पाहिजे. उन्हाळ्याच्या तोंडावर सातपुड्यात, पाल गावाकडच्या जंगलात सागाची पानं इतकी पडलेली असतात की खालचा दगड दिसतच नाही. पातळ तळाच्या बुटात असा न दिसलेला दगड चवड्याखाली आला तर डोळ्यांपुढे तारे चमकतात. यातल्या काही वाटा अभयारण्यातून जातात, म्हणून गेटच्या वेळा आणि परवानगी आधी विचारून घ्या आणि अंधारात एकटे शिरू नका.

आणि सोपी जमीनही आपल्याकडे आहेच. जळगावचा मेहरूण तलाव, धुळ्याजवळचा नकाणे तलाव, पाटचाऱ्यांच्या कडेचे मुरूम टाकलेले रस्ते, रावेर-यावलकडे केळीच्या बागांमधले बैलगाडीचे रस्ते. नवीन माणसाने पहिले दोन-तीन महिने इथेच काढावेत. दाते दोन-तीन मिलिमीटरचे असले तरी पुरतात आणि पायाला सवय होते.

तिसरी पायरी: किती पातळ

आता आकड्यांवर येऊ. बाजारात शून्य ड्रॉपच्या बुटांची दोन घराणी आहेत. एकात तळ अगदी पातळ असतो आणि पायाला जवळजवळ अनवाणी वाटतं. मेरेलचा व्हेपर ग्लोव्ह, झीरो शूज, विवोबेअरफूट ही मंडळी या घरातली. दुसऱ्यात तळ सपाट, पंजा रुंद, पण मध्ये मऊ थर असतो. अल्ट्राचा लोन पीक हे याचं ठळक उदाहरण. ड्रॉप शून्य, स्टॅक २५ मिलिमीटरच्या आसपास आणि बोटांना ऐसपैस जागा. शुद्धतावादी लोक याला मिनिमलिस्ट म्हणायला तयार होत नाहीत. मला त्या वादात रस नाही. धसकटांच्या रानात पळणाऱ्या नवख्या माणसाला मी दुसऱ्या घराण्यातला बूट सुचवीन, साधारण १५ ते २५ मिलिमीटर स्टॅकचा. पहिल्या घराण्यातला पातळ बूट तलावाभोवती, मैदानावर आणि चालायला ठेवावा, तोही वर्षभरानंतर.

ही नावं फक्त ओळख पटावी म्हणून दिली. यातले काही बूट आपल्याकडे बाहेरून मागवावे लागतात आणि बदलून घेणं अवघड जातं. देशी आणि मोठ्या दुकानांच्या घरच्या ब्रँडचे सपाट, रुंद बूटही मिळतात. माप तेच, कसोट्या त्याच.

चौथी पायरी: दुकानात

संध्याकाळी जा, पळताना घालता तेच मोजे घेऊन जा आणि ती कागदाची आकृती खिशात ठेवा.

बुटातली गादी बाहेर काढून तिच्यावर आकृती ठेवा. कागद कुठूनही गादीबाहेर डोकावता कामा नये, विशेषतः करंगळीच्या बाजूला. पुढे १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. दुकानदार ‘घाला ना भाऊ, घालून तर बघा’ म्हणत असेल, तरी आधी हेच करा. गादीवर न मावणारा पाय बुटात मावतो तो वरचं कापड ताणून, आणि ते ताणलेलं कापड पाच किलोमीटरनंतर करंगळीवर फोड आणतं.

मग बूट घालून उभ्याने बोटं हलवा. हार्मोनिअमच्या पट्ट्यांवर चालावीत तशी ती वेगवेगळी हलली पाहिजेत. अंगठा सरळ पुढे जायला हवा, बाकीच्या बोटांकडे वळता कामा नये. टाच मात्र घट्ट धरलेली असावी. पायऱ्या असतील तर उतरून बघा, नसतील तर पायाच्या टोकाने फरशीवर दोनदा ठोका. बोटं पुढे आपटली तर तो बूट डोंगरउतारावर तुमचं नख खाणार.

लवचीकपणासाठी बूट हातात घेऊन चवड्यापाशी वाकवा, मग ओल्या कपड्यासारखा पिळा. वाकला आणि पिळला गेला तर उत्तम. रॉक प्लेट असेल तर कमी पिळला जाईल, ते चालतं. पण तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे. अधूनमधून कमानीखाली मोडणारे बूट दिसतात, ते सोडून द्या.

‘वापरून सैल होईल’ हे वाक्य चामड्याच्या कोल्हापुरीसाठी ठीक आहे. पळायच्या बुटाचं कापड लांबीत सैल होत नाही आणि रुंदीत जेवढं होतं तेवढ्याने काम भागत नाही. पहिल्याच दिवशी सोयीचा वाटला नाही, तर घेऊ नका.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. बऱ्याच कंपन्यांचा लेडीज साचा पुरुषांच्या साच्यापेक्षा अरुंद असतो. शेतात राबलेल्या किंवा वर्षानुवर्षं सपाट चपलांत चाललेल्या पायाला तो हमखास चावतो. लांबी मिलिमीटरमध्ये जुळवून पुरुषांचा किंवा दोघांसाठी एकच साचा असलेला बूट घालून बघायला अजिबात संकोचू नका. रंग गुलाबी नसेल, एवढंच.

ऑनलाइन घ्यायची वेळ आली तर घरातच, फरशीवर, लेबल न काढता घालून फिरा. शिवारात एक फेरी मारलीत की परत करायची मुभा गेली. कंपनीच्या तक्त्यात दिलेली लांबी पायाची आहे की बुटाच्या आतली, ते नीट वाचा. पायाची असेल तर आपलं माप तसंच लावायचं, आतली असेल तर आपल्या मापात दहा-बारा मिलिमीटर मिळवायचे.

नाडी आणि मोजे

रुंद पंज्याच्या बुटात टाच सैल वाटली, तर बूट परत करण्याआधी नाडी बदलून बघा. घोट्याजवळ सगळ्यांत वर, जरा मागे, एक जादा भोक असतं. बहुतेक जण ते कधी वापरतच नाहीत. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत ओवा, पण पूर्ण ओढू नका. दोन्ही बाजूंना छोटा फासा राहू द्या. मग उजवं टोक डाव्या फाशातून आणि डावं टोक उजव्या फाशातून काढून खाली, टाचेच्या दिशेने ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि चवड्यावरची नाडी सैल ठेवता येते. बोटांजवळची नाडी करकचून आवळली, तर रुंद बूट घेण्यात अर्थच उरत नाही.

मोजे पातळ, घाम न धरणारे घ्या. जाड सुती मोजे घामाने ओले होतात आणि फोड आणतात. पाच बोटांचे मोजे आधी विनोदी वाटतात, पण बोटं एकमेकांवर घासत असतील तर एकदा वापरून बघा.

पाचवी पायरी: पायाला वेळ द्या

इथे घाई करणारे सगळ्यांत जास्त. टाचेखालचा उंचवटा काढला की पोटरी आणि टाचेमागची शीर यांच्यावर जास्त ताण येतो, कारण त्यांना रोजच्यापेक्षा लांब ताणून काम करावं लागतं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की लहानपणापासून अनवाणी पळणारे बरेच जण टाचेऐवजी चवड्यावर किंवा सपाट पाऊल टाकतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला दणका कमी बसतो. हे वाचून लोकांनी जाड बूट फेकून दिले आणि दुसऱ्याच दिवशी पातळ बुटात दहा किलोमीटर पळाले. त्या धावपटूंचे पाय मात्र आयुष्यभर तसेच घडलेले होते, हे कोणी लक्षात घेतलं नाही.

२०१३ मधला एक अमेरिकी अभ्यास नवख्यांनी डोक्यात ठेवावा. नेहमीच्या बुटांत पळणाऱ्या लोकांना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या अगदी पातळ बुटांवर आणलं. एमआरआय काढल्यावर १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. दहा आठवडेही पुष्कळांना कमी पडले, असा त्याचा अर्थ मी घेतो.

माझा हिशेब असा. पहिले दोन आठवडे पळायचं नाही, नवे बूट घालून फक्त चालायचं, बाजाराला, दूध आणायला, शेतात चक्कर मारायला. शिवाय रोज भिंतीला हात टेकून पंधरा-वीस वेळा टाचा उचलायच्या, सावकाश, खाली येताना जास्त सावकाश. तिसऱ्या आठवड्यापासून जुन्या बुटातलं पळणं तसंच चालू ठेवायचं आणि आठवड्यातून दोनदा, शेवटची पाच-दहा मिनिटं नवे बूट घालून मुरमाच्या सपाट रस्त्यावर पळायचं. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची, त्याहून जास्त नाही. उतार सगळ्यांत शेवटी, कारण चवड्याची हाडं उतारावर सर्वांत जास्त मार खातात. पूर्ण पळणं नव्या बुटात यायला मला पाच महिने लागले. कोणाला तीन लागतील, कोणाला आठ.

पावलं लहान आणि भरभर टाका. लांब ढांग टाकली की टाच पुढे आपटते आणि पातळ तळात ती लगेच सांगते. चवड्यावरच पळायचा अट्टहास करू नका. पाऊल शरीराखाली पडायला लागलं की बाकीचं आपोआप जुळतं.

पोटरी जड होणं, सकाळी उठल्यावर थोडी धरलेली वाटणं, हे चालतं. पण पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागच्या लांब हाडांवर एका जागी बोटाने दाबल्यावर दुखत असेल, तर तिथेच थांबा. हाडाला केसाएवढी चीर गेलेली असू शकते आणि ती साध्या एक्स-रेत सुरुवातीला दिसतही नाही. हळद-तेल चोळून पळत राहण्यासारखं ते दुखणं नव्हे, हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

आमच्याकडे चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जाणारे निघतात, कित्येक जण अनवाणी. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते, तीही दीर्घ पल्ल्याची. या वाटेवरची जुनी माणसं कोरी पादत्राणं घालून कधी निघत नाहीत. महिनाभर घरात घालून मळवलेलीच घेतात. शर्यतीसाठी बूट घ्यायचे असतील तर निदान चार महिने आधी घ्या.

देखभाल, थोडक्यात

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ला टेकतो. अशा वेळी बूट गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवर ठेवले की तळाचा डिंक सुटतो. सावलीत, हवेशीर जागी ठेवा. चिखल लागला तर वाळू द्या, मग जुन्या ब्रशने झाडा. धुवायचे झाले तर साधं पाणी आणि थोडा साबण, वॉशिंग मशीन नको. आतली गादी वेगळी काढून वाळवा.

पळून आल्यावर बूट उलटे करून तळ रोज बघा. अडकलेला सराटा किंवा अर्धा मोडलेला काटा दिसला तर चिमट्याने काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तुमचंच वजन तो आत ढकलतं. आत हात घालून बोटांनी गादी चाचपा. काट्याचं टोक डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला लागतं. तळाची कड उसवायला लागली तर बसस्टँडजवळच्या मोचीकाकांकडून वेळीच शिवून घ्या. मात्र सुई पातळ तळातून आरपार नेऊ नका म्हणून सांगा, त्या टाक्यांतून पाणी आत येतं. दाते झिजून सपाट झाले की तो जोड डोंगरातून बाद, पण तलावाभोवती अजून वर्षभर चालतो. माझा तो काटा लागलेला जोड आता घरचे दूध आणायला घालतात. तळातलं भोक सायकलच्या पंक्चरच्या ठिगळाने बुजवलं आहे आणि ते अजून धरून आहे.